सहा चटयांची खोली

आईची अट एकच होती. फळी आडवी राहिली पाहिजे.

"उभी करून भिंतीला टेकवायची असेल तर मी येत नाही," मित्सुए फोनवर म्हणाली. "फळी आडवी, माझी गादी आडवी, आणि मध्ये पाय टाकायला जागा. एवढं असेल तर सांग."

"आई, सहा चटयांची खोली आहे. अख्खी तुला," ताएको म्हणाली. "तुझी शिवणाची खोली तरी केवढी आहे? सहाच ना?"

"सहाच."

"मग झालं तर."

जपानात खोली केवढी ते जमिनीवर कडेला कड लावून बसवलेल्या जाड गवती तातामी चटयांच्या आकड्यावरून सांगतात. म्हातारी शेजारच्या तांदळाच्या दुकानातल्या फोनवरून बोलत होती आणि मागे कुणीतरी पोती आपटत होतं. "चटया घेऊन येऊ का माझ्या? चांगल्या आहेत अजून. परवाच वरचं गवत बदलून घेतलंय."

ताएको हसली. "चटया आहेत गं इथे. तोक्योत कोण चटया घेऊन फिरतं? चटई ती चटई."

हसली, आणि तिथेच सगळं बिघडलं. ते हसू आवरून तिने फक्त एवढं विचारलं असतं, की आई, तुझी चटई लांबीला किती भरते, तर पुढचं काही झालं नसतं. पण ताएको चौथीच्या वर्गाला क्षेत्रफळ शिकवत होती. लांबी गुणिले रुंदी हे तिने इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं, की आता तिला काही मोजावं लागत नव्हतं. शिकवणाऱ्यांचं हे असंच होतं. जे दुसऱ्याला रोज शिकवायचं ते स्वतः करायची सवय मोडते.

मित्सुएने चटयांचं विचारलं ते म्हातारचळ म्हणून नाही. क्योतोत ती नवरी होऊन भाड्याच्या घरात आली तेव्हा घर उघडं होतं. खांब, छप्पर आणि खाली लाकडी फळ्या. चटया भाडेकरूने आपल्या आणायच्या, जाताना आपल्या घेऊन जायच्या. तिकडे कैक घरं अशीच भाड्याने जात. या घरातली चटई त्या घरात नेऊन टाकली की चपखल बसायची, कारण तिकडचे सुतार आधी चटया मांडत आणि मग त्यांच्या कडेने खांब उभे करत. चटई आधी, घर नंतर. त्यामुळे चटई लहानमोठी असू शकते हे त्या बाईच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. पाणी जसं सगळीकडे पाणीच असतं, तशी तिच्या लेखी चटई. माणूस आडवा होतो, कूस बदलतो, तेवढी जागा.

आणि फळी म्हणजे तिचं पोट होतं. किमोनो शिवणाऱ्या बाईची, कापड बेतायची फळी. एकसंध लाकूड, पुरुषभर लांब, बुटके पाय. तिच्यासमोर मांडी घालून तिने आयुष्य काढलं. रेशमाचा तागा तिच्यावर उलगडायचा, हाडाच्या पट्टीने रेघ ओढायची, दुमडायचं, पुन्हा उलगडायचं. नवरा विणकर होता. त्याचा माग केव्हाच बंद पडला, पण फळी कधी थांबली नाही. नवरा गेला त्या आठवड्यातही तिने एका लग्नाचा किमोनो वेळेवर दिला होता. लोकांनी नाकं मुरडली. "लग्न काय माझ्यासाठी थांबणार आहे?" एवढंच ती म्हणाली.

त्यानंतरच्या थंडीत ती मातीच्या स्वयंपाकघरात पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण सकाळपर्यंत तशीच पडून होती. शेजारच्या ओमासाबाईंनी हाक मारली तेव्हा कळलं. एकुलती एक मुलगी तोक्योला. मग फोन सुरू झाले.

यायचं ठरल्यावर मित्सुए फोनवर एवढंच म्हणाली की सगळं सहा चटयांत मावतं; त्यासाठी तिने काय केलं ते ताएकोला फार पुढे समजलं. तिने शिवणाची खोली रिकामी केली आणि जे जे न्यायचं ते सगळं त्या एका खोलीत मांडून ती तिथे राहू लागली. बाकीच्या घरात पाऊल टाकायचं नाही. आखूड भिंतीला फळी, फळीच्या टोकाला लागून किमोनोंचं खणांचं कपाट. दोन्ही मिळून भिंत भरली, चार बोटं उरली. समोरच्या कोपऱ्यात गेलेल्या नवऱ्याच्या आठवणीचा देव्हारा. मधल्या भागात रात्री गादी. फळीला हात न लावता गादी पसरता येते, गादीला पाय न लावता फळीशी बसता येतं, हे तिने राहून पाहिलं. मग जे त्या खोलीत मावलं नाही ते वाटून टाकलं. लोणच्याचे लाकडी पिंप ओमासाबाईंना, दाबायचे दगडही त्यांनाच. शेगडी, पाहुण्यांच्या गाद्या, नवऱ्याच्या मागाचे धोटे, सगळं. सहा चटयांत बसेल एवढंच आयुष्य तिने बाजूला काढलं. आणि त्या सहा चटया मालकाला राहू दिल्या, कारण मुलगी म्हणाली होती, चटया आहेत इथे.

मालकाने घर ताब्यात येताच पाडलं आणि तिथे गाड्या लावायची जागा केली.

इकडे ताएकोनेही हिशोब केला नव्हता असं नाही. सामान वाहणाऱ्याने विचारलं, माल किती आहे, केवढी गाडी पाठवू. तेव्हा तिने आईला मापं विचारून कपाटाचं घनफळ काढलं, देव्हाऱ्याचं काढलं, फळीचं, गाद्यांचं, बेरीज केली. मग उत्साहाच्या भरात खोलीचंही काढलं. शाळेच्या पुस्तकात दिलेलं चटईचं माप घेतलं, सहाने गुणलं, छताच्या उंचीने गुणलं.

"अहो, पाहा," ती नवऱ्याला म्हणाली. "आईचं सगळं सामान टाकलं तरी खोलीचा दहावा भागसुद्धा भरत नाही."

क्योसुके छापखान्यात काम करायचा. तो भात खात होता. "आई छताला लटकणार आहेत का?" तो म्हणाला.

"तुम्हाला सगळ्यात खोट काढायची सवय आहे."

"मी फक्त विचारलं."

त्याने फक्त विचारलं, आणि तिने ते सोडून दिलं. दहा पावलांवर खोली होती. तिच्या शिवणाच्या डब्यात टेप होती. पुस्तकातली चटई ना क्योतोच्या घरात होती ना तिच्या घरात, पण गुणाकार बरोबर होता, आणि गुणाकार बरोबर आला की ताएकोचं समाधान व्हायचं.

सामान आलं त्या दिवशी हवा छान होती. वसाहतीच्या इमारतीत तिसरा मजला, अरुंद जिना. दोन हमाल घाम पुसत वर आले. फळी आधी आली, आखूड भिंतीला लागली. मग कपाट आलं. ते फळीच्या टोकाशी ठेवायला गेले आणि भिंत संपली.

"बाई, हे इथे नाही बसत," थोरला हमाल म्हणाला.

"बसेल. नीट सरकवा," ताएको म्हणाली. "तिकडे बसत होतं."

"तिकडे बसत असेल. इथे भिंत आहे, ती काय सरकत नाही."

"फळी जरा पलीकडे घ्या."

"पलीकडे पण भिंतच आहे," धाकटा म्हणाला, आणि दोघे हसले. क्योसुकेने कपाट तिरपं करून पाहिलं. मग लांब भिंतीला लावून पाहिलं, तर भिंतीतल्या गाद्यांच्या कपाटाचं दार उघडेना. मग गॅलरीच्या दाराशी लावलं, अर्धा उजेड गेला. देव्हारा कपाटाशेजारी दाटीवाटीने बसला. उरलेल्या जागेत गादी पसरली तर तिचा कोपरा फळीखाली जात होता.

मित्सुए दारात उभी होती. पांढरे मोजे घातलेले पाय तिने चटईवर ठेवले, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबली. चेहऱ्यावर काहीही नाही.

"कशी वाटली खोली, आई?" ताएकोने विचारलं.

"छान आहे," म्हातारी म्हणाली. "बसल्या जागेवरून सगळं हाताला लागतं."

"आवडली ना? बरं झालं बाई," ताएको म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

मग रोजचं सुरू झालं. संध्याकाळी गादी टाकायची तर फळी उभी करावी लागे. क्योसुके कामावरून आला की ती उचलून भिंतीला टेकवायचा. पण सकाळी तो अंधारात निघायचा, ताएको त्याच्या मागोमाग. फळी आडवी कोण करणार? मित्सुए पहिले काही दिवस स्वतः करायची. एकदा ती हातातून निसटली आणि देव्हाऱ्याच्या दारावर आदळली. बिजागर निखळलं. त्यानंतर तिने हात लावला नाही. क्योसुके रात्री उशिरा आला की फळी आडवीच राही आणि म्हातारी गादी अर्धी दुमडून तिच्यावर कुशीवर झोपे.

काम मिळालं होतं. स्टेशनजवळच्या एका किमोनोच्या दुकानाने तिची शिवण पाहिली आणि लगेच तागे दिले. पण रेशीम उलगडायला जागा लागते. फळीवर कापड पसरलं की त्याचं टोक कपाटाला लागायचं, मागे सरकलं की पाठ देव्हाऱ्याला. एक बाही तिरपी कापली गेली. मित्सुएच्या हातून बाही तिरपी गेली. तिने दुकानदाराला ताग्याची किंमत भरून दिली आणि पुढचं काम आपणहून नाकारलं.

"आई, मी एक सांगू का?" एका रविवारी क्योसुके म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता. "फळीचं टोक थोडं कापलं तर? वीतभर. मग ती कपाटाच्या आडून आत सरकेल. मी नीट कापून देतो, कळणारसुद्धा नाही."

"हात दुखतात का तुमचे, क्योसुकेसान? उचलून उचलून?"

"तसं नाही हो."

"दुखत असतील. जड आहे ती. तुम्हाला फार त्रास होतो माझा."

क्योसुकेने विषय सोडून दिला. पण ताएकोचं डोकं तापलं. शाळेतून दमून आलं की घरात हा अबोला. आई तक्रार करत नाही, आणि घरभर तक्रार भरून राहते. भाजीला नाव ठेवत नाही, फक्त "इकडे मीठ स्वस्त असेल ना" म्हणते. आणि खोली बघावी तर कायम गोदामासारखी.

"आई, एक गोष्ट मला समजत नाही," ती म्हणाली. "तिकडे तू सहा चटयांत सगळं मांडून बसायचीस ना? तूच म्हणालीस, सगळं मावतं म्हणून. इथेही सहाच आहेत. मोजून घे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग तिकडे मावत होतीस आणि इथे का मावत नाहीस? मावायचंच नाहीये तुला."

क्योसुके म्हणाला, "अगं."

मित्सुएने चटयांकडे पाहिलं, जणू खरंच मोजतेय. "म्हातारपणी माणूस फुगतो बहुतेक," ती म्हणाली. मग उठून तिने चहाचे पेले उचलले आणि धुवायला नेले.

ताएको जिंकली होती. सहा म्हणजे सहा. आकडा तिच्या बाजूला होता, आणि आकडा ज्याच्या बाजूला असतो त्याला समोरच्या माणसाकडे बघावं लागत नाही. त्या दिवसापासून मित्सुए फळीशी बसली नाही. गॅलरीच्या दाराशी, अर्ध्या उजेडात, ती खालच्या मैदानातल्या मुलांकडे बघत बसे. "काय करतेस दिवसभर?" विचारलं तर म्हणे, "आराम. मुलीकडे आलेय ना."

वसंतात ओमासाबाईंच्या यजमानांचं वर्षश्राद्ध होतं. मित्सुएला गाडीचा प्रवास नको होता. "तू जा माझ्या वतीने," ती म्हणाली, "आणि रात्री राहा तिकडे. घाईघाईने येऊ नकोस." ताएको शनिवारी गेली.

विधी झाले, पाहुणे गेले. ओमासाबाईंनी ताएकोची गादी मागच्या खोलीत घातली. सहा चटयांची खोली. ताएको आत गेली आणि तिला वाटलं, खोली अंगावर सैल होतेय. तीच उंची, तेच गवत, तोच वास. ती गादीवर आडवी झाली. तोक्योला ती आईच्या खोलीत एकदा अशीच आडवी झाली होती तेव्हा हात पसरला की काहीतरी लागायचं. इथे तिने एक हात पसरला, दुसरा पसरला. काही लागलं नाही. ती उठून बसली. खोलीतल्या कपाटाकडे पाहिलं, आईच्या कपाटाएवढंच. त्याच्या शेजारी रिकामी भिंत होती. भरपूर भिंत.

"ओमासाबाई," तिने हाक मारली. "टेप आहे का घरात?"

"टेप? आत्ता? मुलाची असेल सुतारकामाची. काय मोजतेस?"

"खोली."

ओमासाबाईंनी पोलादी टेप आणून दिली आणि दारात बसून राहिल्या. ताएकोने गुडघ्यांवर रांगत एक चटई मोजली. मग भिंत. मग दुसरी भिंत. आपल्या घरातली भिंत तिला आता आठवली, कारण फळी आणि कपाट तिथे किती नडलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. फळीचं माप तिला ठाऊक होतं, आणि फळीपुढे भिंत किती उरली ते तिने हमालांना हातांनी दाखवलं होतं. चटई रुंदीच्या दुप्पट लांब असते, म्हणजे एका भिंतीवरून दुसरी निघते; बाकी गुणाकार तिला पाठ होता. ही खोली अकरा चौरस मीटरला थोडी कमी. तिची नऊलासुद्धा पुरत नव्हती. मधले दोन चौरस मीटर आणि वर थोडं. आणि क्योतोची एक चटई दोन चौरस मीटरपेक्षा कमी.

म्हणजे तिच्या सहा चटयांच्या खोलीत पाचच चटया होत्या. पाचलाही कमी.

सहावी कोणती ते तिला सांगावं लागलं नाही. फळी होती, कपाट होतं, देव्हारा होता. नव्हती ती माणसाने आडवं व्हायची.

कुठल्यातरी कचेरीत, कागदावर, कुणीतरी आधी भिंती आखल्या. स्वस्तात जास्तीत जास्त खोल्या बसवायच्या म्हणून आखल्या. मग त्या भिंतींच्या आत सहा चटया बसेनात, म्हणून चटया कापल्या. आकडा मात्र सहाच ठेवला, कारण लोक आकडा विचारतात. कोणीही घर घ्यायला येतं ते विचारतं, किती चटयांची खोली? सहा. मग ठीक. चटई म्हणजे एका माणसाची झोप, ती वीतभर आखूड केली आणि नाव तेच ठेवलं, याला लबाडी म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही, कारण सगळेच त्यात राहत होते. त्या सगळ्यांत ताएकोही होती. वीस वर्षं राहिली होती. माप उतरत गेलं आणि तिच्या हाडात ते मुरत गेलं, आणि आपल्या आईला ती म्हणाली, का मावत नाहीस.

"काय झालं गं?" ओमासाबाईंनी विचारलं.

ताएकोने सांगितलं. टेप हातात तशीच होती.

"तिच्या पायांना पहिल्या दिवशीच कळलं असणार," ओमासाबाई म्हणाल्या. "काही म्हणाली नाही ती?"

"छान आहे म्हणाली. बसल्या जागेवरून सगळं हाताला लागतं म्हणाली."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आवडली ना, बरं झालं."

ओमासाबाईंनी तिच्या हातातली टेप काढून घेतली. "ताएको," त्या हळूच म्हणाल्या, "तू इथलीच ना गं?"

इथल्या माणसाने 'छान आहे' म्हटलं की त्यामागे काय असतं हे ताएकोला लहानपणापासून माहीत होतं. शेजारीण 'तुमची मुलगी किती छान गाते, पहाटेपासून ऐकू येतं' म्हणाली की आई त्याच दिवशी माफी मागायला जायची आणि सोबत गोड वड्या न्यायची. हे सगळं ती विसरली होती. तोक्योने तिची चटई आखूड केली, कानही आखूड केले.

सकाळच्या गाडीत तिने बेत केला. दोन खोल्यांमधली सरकती दारं काढून टाकायची. आपण दोघांनी स्वयंपाकघरात झोपायचं. क्योसुके ऐकेल, तो ऐकतो. कपाट आपल्या खोलीत आणायचं. फळी आडवी, कायमची. स्टेशनजवळच्या दुकानदाराकडे स्वतः जायचं, त्याला सांगायचं, चूक खोलीची होती. आणि आईला सांगायचं. काय सांगायचं ते शब्द तिने गाडीत अनेकदा जुळवले आणि दर वेळी ते वर्गात बोलल्यासारखे वाटले.

दुपारी ती घरी पोचली. क्योसुकेने दार उघडलं. तो बाजूला झाला नाही, दारातच उभा राहिला.

"फळी गेली," तो म्हणाला.

"कुठे गेली?"

"आईंनी दिली. खालच्या शेवयांच्या दुकानातल्या इनाबांना. काल तू गेल्यावर ते आले हातगाडी घेऊन. आधीच बोलणं झालं होतं वाटतं. मी म्हटलं, ताएको येऊ दे. तर म्हणाल्या, ती असताना कशाला तिला त्रास."

ताएकोने बूट काढलेच नव्हते. ती तशीच जिना उतरली.

इनाबांच्या दुकानात जेवणाची गर्दी नुकतीच संपली होती. ते मागे पीठ मळत होते. ताएको दिसताच त्यांनी वाकून नमस्कार केला. "आजींना माझे आभार सांगा हो. असलं लाकूड आता बघायला मिळत नाही. पीठ जरा म्हणून चिकटत नाही."

"इनाबासान, माफ करा. ती फळी मला परत हवी आहे. तुम्ही म्हणाल ती नवी फळी मी आणून देते."

इनाबांचा चेहरा पडला. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, ती..."

ओट्यावर फळीचा एक तुकडा होता, त्यावर पिठाची पातळ पोळी लाटलेली. दुसरा तुकडा खाली, वाट्यांच्या खोक्यांखाली. पाय काढले होते. कापलेली कड अजून पांढरी होती.

"ओटा एवढाच आहे ना," इनाबा म्हणाले. "मी म्हटलं आजींना, अहो, कापायला जीव होत नाही, अशीच उभी ठेवतो. तर म्हणाल्या, उभी ठेवायची तर देत नाही. मधोमध काप. मी दोनदा विचारलं, खरं सांगतो. इथे उभ्या राहिल्या, मी कापेपर्यंत. एक धागा निघाला लाकडाच्या फटीतून, लाल. तो तेवढा घेऊन गेल्या."

ताएकोने पिठाने माखलेल्या लाकडावर हात ठेवला. मग इनाबांचं काम थांबलंय हे लक्षात येऊन काढून घेतला. ते तिला शेवया घेऊन जा म्हणत होते, ओल्या, ताज्या, आजींसाठी. तिने पुडा घेतला. न घेणं वाईट दिसलं असतं.

वर आली तर आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खोली मोकळी दिसत होती. मधोमध, जिथे फळी असायची तिथून गॅलरीपर्यंत, गादी पसरली होती. भर दुपारी. तिच्यावर मित्सुए उताणी पडली होती, हात पोटावर.

या बाईने उजाडल्यावर गादी कधी पसरलेली ठेवली नव्हती. ताप असला तरी गुंडाळून कपाटात, आणि मग बसल्या बसल्या कण्हायचं. दिवसा पसरलेली गादी म्हणजे घरात मरणारं माणूस आहे किंवा आळशी, असं तीच म्हणायची, आणि दोन्हीला तिच्याकडे सारखीच दया होती.

"आलीस?" मित्सुए म्हणाली. "ओमासा बरी आहे?"

"बरी आहेत." ताएको दारात गुडघे टेकून बसली. "आई, खोली लहान आहे. इथली चटई लहान आहे. मी मोजायला हवी होती. मी तुला म्हटलं ते..."

"चटया इथल्या मऊ आहेत," मित्सुए म्हणाली.

"आई, ऐक ना. आपण मधली दारं काढू. आम्ही बाहेर झोपतो. नवी फळी करून आणू, तशीच. क्योसुकेंच्या ओळखीचा सुतार आहे."

"नको गं. हात विसरले आता."

"एवढ्यात कसे विसरतील?"

"विसरायचं ठरवलं की लवकर विसरतात." म्हातारीने मान वळवली. आवाजात राग नव्हता, आणि ताएकोला राग हवा होता. "दारात का बसलीस? आत ये. आता जागा आहे."

ताएको आत सरकली. फळी जिथे पडून असायची तिथे चटईचं गवत अजून हिरवं होतं, बाजूचं उन्हाने पिवळं पडलेलं. तो हिरवा पट्टा एका चटईवरून निघून तिची किनार ओलांडून दुसऱ्या चटईवर वीतभर आत गेला होता. ती त्या पट्ट्यावर बसली. शेवयांचा पुडा मांडीवर ओला होत होता.

"शेवया आणल्यास का?" मित्सुएने डोळे मिटून विचारलं. "इनाबाच्या? चांगल्या असतात म्हणे."

"हो."

"संध्याकाळी कर. माझ्यासाठी थोड्याच."

स्वयंपाकघरातून क्योसुकेने विचारलं, पाणी उकळत ठेवू का. थोड्या वेळाने त्याने आपणहून ठेवलं.

ताएको उठली तेव्हा गादीच्या कडेशी क्षणभर थांबली. वाकून विचारावं, गुंडाळू का. तिने विचारलं नाही. रात्री गादी तशीच होती, दुसऱ्या सकाळी शाळेत जाताना तशीच होती, आणि पुढे ती कधी उचलली गेली नाही.